सून मेक्सिकोची (केयूर म्हणतो इक्वाडोरची)

३ ऑगस्ट, रविवार

केयूर दुसरीत होता तेव्हा आमच्या टीव्हीचा आवाज गेला होता. चित्र दिसायचं, आवाज नाही. कुडाळचा मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत होता. मग संध्याकाळी मी आणि केयूर फणसाच्या उकडलेल्या आठळ्या घेऊन टीव्हीसमोर बसायचो आणि पडद्यावरच्या माणसांना आपलेच संवाद द्यायचो. बातम्या देणारी बाई म्हणायची, म्हणजे मी म्हणायचे, "आज कर्लीच्या खाडीत कोलंबी फुकट मिळेल." मंत्रीमहोदय म्हणायचे, म्हणजे केयूर, "माका आणखी एक आठळी व्हयी." हे शाळेतून आले की दारातच उभे राहून हसायचे. शेवटी टीव्ही दुरुस्त झाला त्या दिवशी केयूर रडला. "आता तेच बोलतले, आपण काय करूचा?" म्हणाला.

आज त्याचा फोन आल्यापासून हेच आठवतंय. चतुर्थीला येतो आहे. मारिसोलला घेऊन. जानेवारीत तिकडे कोर्टात लग्न केलं, मी फोनवर पाहिलं, चित्र सारखं अडकत होतं. दिवाळीपर्यंत राहणार. आणि तिला इथलं आवडलं तर पुढे वर्षातले सहा महिने वालावललाच, असं म्हणाला. हे वाक्य मी त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. हल्ली तो फोनवर फार पुटपुटतो. अमेरिकेत राहून उच्चार बिघडले.

म्हणजे सगळं तिला आवडण्यावर. म्हणजे माझ्यावर.

तिला इथे कामही मिळेल म्हणाला. कानाचं काहीतरी काम करते. तिकडच्या बायका मोठमोठ्या रिंगा घालतात, दागिन्यांच्या दुकानात असणार. मेक्सिकोची आहे. केयूर म्हणतो इक्वाडोर. जवळजवळच असेल.

संकल्प: सुनेचा नीट अभ्यास करायचा. बेळगावच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर फिलोमिना सांगायच्या, अभ्यास न करता तोंड उघडू नये. वालावलमध्ये माझ्याइतकी तयारीची सासू दुसरी नसेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

अभ्यास सुरू. तिकडच्या मालिका टीव्हीवर दिसतात, खाली इंग्रजीत सगळं लिहून येतं. फार सोय आहे. आपल्या मराठी मालिकांत नट हल्ली पुटपुटतात. पूर्वीचे कसे खणखणीत बोलायचे.

तरी बाबलीला बोलावलं, टीव्हीचा आवाज तपासायला. शेजारीच राहतो, वायरिंगची कामं करतो. बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, "काकी, टीवीक कायेक झाला नाय. तुमी आवाज एवढो ठेवतास की माझी गाय दूध देणा नाय." हे मात्र ओरडून म्हणाला.

बाबली पंख्यांचा माणूस. टीव्हीतलं त्याला काय कळणार.

७ ऑगस्ट, गुरुवार

आतापर्यंतच्या अभ्यासातून:

ह्या बायका लाल कपडे घालतात. केस मोकळे. कंबर हलवल्याशिवाय खोलीत शिरत नाहीत.

राग आला की ताट फेकतात. ताट नसेल तर फुलदाणी.

गरीब असतील तर मोलकरीण. मोलकरीण असली की मालकावर डोळा. श्रीमंत असतील तर भाऊ वाईट धंद्यात.

सासूला जिन्यावरून ढकलतात. लगेच नाही. आधी खूप भाग गोड वागतात.

मन मोठं ठेवायचं. तिचा दोष नाही, रक्तच गरम. आपण समजून घ्यायचं.

१० ऑगस्ट, रविवार

आज जेवताना आपली मराठी मालिका लावली आणि अन्न गोड लागेना. मालिकेत मालवणी बाई म्हणजे पुन्हा मोलकरीण. पदर खोचलेला, हातात झाडू, तोंडात शिव्या. ती बोलली की पुण्यामुंबईचे सगळे हसतात. आमच्यात डॉक्टर नाहीत? हेडमास्तरणी नाहीत? मी वेंगुर्ल्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माझ्यासारखी एक तरी दाखवली कधी? ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, त्याचं वेडंवाकडं चित्र काढायचं आणि घराघरांत दाखवायचं, ही कुठली रीत?

चॅनेलला पत्र लिहायचं. कडक. इंग्रजीत.

संध्याकाळी मेक्सिकोची मालिका. हिनेही ताट फेकलं. म्हणजे नक्कीच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

तयारी:

चिनी मातीचा सेट, निळ्या फुलांचा, माळ्यावर. माझ्या लग्नातला. आता स्टीलच काढायचं.

फुलदाण्या हौसाबाईच्या घरी. हौसाबाई आमच्याकडे माझ्या लग्नाच्या आधीपासून कामाला आहे, पण हल्ली तीही पुटपुटते. कशाला हलवतास, असं काहीतरी विचारलं. मी म्हटलं, वाळवी लागलीय. काचेला वाळवी खंयची, असं तोंड केलं तिने.

माझं अंथरूण वरच्या खोलीतून खाली. गुडघ्यासाठी म्हणून सांगितलं.

शिरोड्याहून अक्काचा फोन. ह्यांची थोरली बहीण. अख्ख्या घराण्यात एकटी अक्काच स्पष्ट बोलते. तीही ह्या मालिका बघते. म्हणाली, "किशोरी, सोन्याक कुलूप घाल, आणि रांधपाच्या खोलयेत कोयतो ठेव नको."

कोयता काढला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कुडाळला जाऊन साडी आणली. लालभडक, जरीची. मी अशी कधी नेसले नसते, पण तिच्या आवडीचा विचार. दुकानातला मुलगा काही म्हणाला, मी हसले. हल्लीच्या पोरांना मोठ्याने बोलायलाच शिकवत नाहीत.

पत्राचा मसुदा डोक्यात तयार आहे. चतुर्थी झाली की लिहायचं.

२३ ऑगस्ट, शनिवार. संध्याकाळी.

आली.

बुटकी. चष्मा. एक वेणी. फिका निळा कुर्ता, चुरगळलेला. कानात काहीसुद्धा नाही.

वाकून नमस्कार केला आणि बोलली. ओठ हलले. मला एक शब्द कळला नाही. तिचं इंग्रजी कच्चं असणार, तिकडे स्पॅनिश. मी म्हटलं, वेलकम, वेलकम, धिस इज युवर होम. शब्दन् शब्द सुटा, सिस्टर फिलोमिनांनी शिकवला तसा. केयूरने कपाळाला हात लावला. प्रवासाने दमला असेल. मोपाच्या विमानतळापासून रस्ता खराब.

स्टीलच्या पेल्यात चहा दिला. पेला दोन्ही हातांनी धरून बसली. केयूर म्हणाला, आई, निळ्या फुलांचा सेट कुठे गेला, मी हिला त्याचं सांगितलं होतं. मी म्हटलं, फुटला. त्याने स्टीलचा पेला तोंडाला लावला. लहानपणी त्या कपातूनच दूध प्यायचा.

गोड वागते आहे. मालिकेत सगळ्या सुरुवातीला अशाच असतात.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी.

मारिसोलने माझ्याशी खेळ केला. कानाला मोठे हेडफोन लावले, पुढे छोटं यंत्र ठेवलं. केयूर मोठ्याने म्हणाला, आवाज आला की बोट वर कर. गाणं असेल म्हणून मी बसले. बराच वेळ काहीच नाही. तिला वाईट वाटायला नको म्हणून मी अंदाजाने अधूनमधून बोट वर केलं. सगळे बरोबर आले असावेत, कारण तिने बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

डोळ्यांत पाणी आणलं होतं तिने. अभिनय चांगला.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मखर, माटवी, सगळी गडबड. गणपतीवरच्या माटवीला कांगणं, कवंडळं, सगळी रानफळं बांधायला केयूर शिडीवर. हे होते तेव्हा शिडीवर हेच चढायचे. ह्यांच्यासारखाच एक पाय वरच्या पायरीवर ठेवतो.

मारिसोल सगळा दिवस हौसाबाईच्या मागे. मांगरात, परसात. दोघी हसतात. मी गेले की ओठ हलतात पण हसू थांबतं. माझ्यावरच असणार. हौसाबाईला बाजूला घेतलं, म्हटलं, काय बोलते ती तुझ्याशी? हौसाबाई माझ्या कानाजवळ आली आणि ओरडली, "तां चेडू सगळ्यांशी बोलता, बाय! तुमकाच आयकाक येणा नाय!"

हौसाबाई फितूर झाली. एवढ्या वर्षांची.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

गणपती सुखरूप आला. बाकी काही सुखरूप नाही.

आरतीनंतर पाहुण्यांसमोर मी मारिसोलची ओळख करून दिली. म्हटलं, ही आमची मेक्सिकोची सून, हिच्या रक्तातच नाच आहे, आता फुगडीच्या आधी आपल्याला दाखवेल. टाळ्या वाजवल्या मी. ती उभी राहिली. नाचली नाही. चष्मा काढून पुसला. लाल साडी नेसवली होती तिला, बसत नव्हती नीट, निऱ्या हातात धरून उभी.

मग अक्काने भर माजघरात विचारलं, "गो, तुझो भाव खंयचो धंदो करता? पावडरीचो मां?"

केयूरने मला परसात नेलं आणि ओरडला. स्पष्ट ऐकू आलं, बऱ्याच दिवसांनी. मारिसोलचा भाऊ शाळामास्तर आहे. वडिलांची कोकोची बाग आहे, आपल्या काजूसारखी, पाऊस चुकला की ते पण असेच आभाळाकडे बघत बसतात. ती इक्वाडोरची आहे. तिला नाचता येत नाही. आणि मग म्हणाला, "आई, टीव्हीतली मालवणी बाई बघून उद्या तुला कोणी विचारलं, भांडी घासायचं काय घेतेस, तर?"

मी म्हटलं, अगदी हेच मी चॅनेलला लिहिणार आहे!

तो वळून घरात गेला. पटलं असावं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

परवा गौरी येणार, सोमवारी ओवसा. मनाला घोर लागलाय.

ओवसा म्हणजे आमच्याकडे सुनेचं घरात रुजणं. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नवी सून पाच सुपं भरते. हळदीचं पान, काकडी, केळी, नारळ, सुपारी, वरून सूत. गौरीपुढे ओवाळते आणि मग थोरांच्या हातात देते. पहिलं सूप सासूचं. खाली ठेवून चालत नाही, हातातून हातात. सासूने दोन्ही हात पुढे करून घेतलं की झालं, सून ह्या घरची. मी दिलं तेव्हा माझे हात इतके कापत होते की सुपारी गडगडत गेली. सासूबाई म्हणाल्या, "सुपारी जावंदे, तू खंय जाव नको." आणि सूप घेतलं.

ही काय करेल? चाळिसाव्या भागात सासूने दिलेला हार नायिकेने सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर फेकला होता. इथे तर नारळ असतात.

दुपारी हौसाबाई आणि मारिसोल दोघी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मारिसोल बरंच बोलली. हाताने गोल करून दाखवलं, मग छातीवर हात ठेवला. हौसाबाईही काहीतरी पुटपुटली. टीव्ही चालू होता. मी हसून म्हटलं, येस, येस, व्हेरी नाइस. मारिसोलने माझ्या गालाचा मुका घेतला. त्यांच्यात उठल्यासुटल्या घेतात.

३० ऑगस्ट, शनिवार

निर्णय घेतला. घराची अब्रू महत्त्वाची. प्राजक्ताला, म्हणजे माझ्या पुतण्याच्या बायकोला, सांगितलं, ह्या वर्षीही तूच ओवस, गेल्या वर्षीसारखी. ती म्हणाली, "काकी, पण नवी सून असताना मी?" मी म्हटलं, तिला ह्यातलं काही माहीत नाही, उगाच तिच्यावर ओझं कशाला. प्राजक्ता शहाणी आहे, मोठ्याने बोलते, ऐकते.

मारिसोलला आता कसली काळजी नको. मी तिच्यासाठीच केलं.

३१ ऑगस्ट, रविवार

गौर आणली. तेरड्याची. मुखवटा तोच, ह्यांच्या आजीच्या वेळचा. मारिसोल मुखवट्याकडे बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडे बघून तिने स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोट फिरवलं, म्हणजे गौर तुमच्यासारखी दिसते. एवढं कळलं मला.

बरी दिसते कधी कधी. चष्म्याआड डोळे मऊ आहेत.

पण सावध राहायला हवं.

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.

सगळं ठरल्याप्रमाणे. सोनं कुलपात. प्राजक्ताची सुपं तयार. मारिसोल कुठे दिसत नाही, झोपली असेल. बरंच झालं.

१ सप्टेंबर. दुपारी.

लिहिते आहे, कारण कोणाशी बोलायचं नाही.

प्राजक्ता ओवसली. छान ओवसली. तिने पहिलं सूप माझ्या हातात दिलं, मी दोन्ही हातांनी घेतलं, बायांनी बरं म्हटलं, आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं.

मारिसोल. हिरवी साडी, हौसाबाईची असावी, नीट चोपून नेसलेली. केसांत अबोली. मागे हौसाबाई. दोघींच्या हातांत सुपं, पाच, हळदीच्या पानांवर भरलेली, सूत गुंडाळलेलं, प्रत्येकावर एकेक काळपट बियांची पुडी. कोकोच्या बिया. वडिलांच्या बागेतल्या, असं नंतर कळलं.

ती थांबली. प्राजक्ताकडे पाहिलं. माझ्या हातातल्या सुपाकडे पाहिलं. मग हौसाबाईकडे. हौसाबाईने मान खाली घातली.

मारिसोलचे ओठ हलले. आवाज नाही. सगळं माजघर गप्प होतं की मलाच ऐकू आलं नाही, काय ठाऊक. मला फक्त तिचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याला कोणीतरी शब्द द्यायला हवे होते. मी दिले. इतके भाग बघितले होते. सगळे शब्द तयार होते.

ती माझ्याकडे चालत आली. दोन्ही हातांत पहिलं सूप. हात वर उचलले.

प्राजक्ताचं सूप टाकून मी मागे सरले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. असं, कोपर पुढे करून. मारू नको, म्हटलं. मराठीत.

काही लागलं नाही.

हात काढले तेव्हा ती तिथेच उभी होती, सूप पुढे केलेलं. हातातून हातात द्यायला. नारळ जागच्या जागी, सुपारीही जागच्या जागी. तिचे हात माझ्यासारखे कापलेसुद्धा नाहीत. प्राजक्ताच्या सुपातल्या काकड्या मात्र माझ्या पायांशी गडगडत होत्या.

मग तिने वाकून आपलं सूप गौरीच्या पायाशी ठेवलं. उरलेली चार हौसाबाईने ठेवली. आणि ती वर निघून गेली. जिना चढताना धावली नाही. दार आपटलं नाही.

अक्का मोठ्याने म्हणाली, "बघितलंस? काय तो माज."

पहिल्यांदाच वाटलं, अक्काने जरा हळू बोलावं.

२ सप्टेंबर, मंगळवार

गौरगणपती पोचवले. तळ्यावर गर्दी. केयूर माझ्या बाजूला उभा होता पण बोलला नाही. बोलला असेल.

घरी आल्यावर प्राजक्ताने माझा हात धरून बाजूला बसवलं आणि एकेक शब्द सोडून सांगितलं. मारिसोल कानांची डॉक्टर आहे. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांची तपासणी करते. फोनवर माझं वागणं बघून तिच्याच लक्षात आलं होतं. ओरोसला एका दवाखान्याशी बोलणं चाललं होतं, सहा महिने तिथे काम करायचं, आणि राहायचं इथे. ओवशाचं तिने माझ्याकडूनच कबूल करून घेतलं होतं. शुक्रवारी. मी येस येस म्हणाले, व्हेरी नाइस म्हणाले.

मी म्हटलं, कानांची डॉक्टर, हो, मला माहीतच होतं.

प्राजक्ता म्हणाली, "काकी, ती म्हणता, टीव्हीत आमच्या बायांका अशाच दाखवतत, तिका लहानपणापासून सवय आसा. फक्त घरात नको होता, म्हणाली."

घरात नको होतं.

प्राजक्ताने उगाच वाढवून सांगितलं असेल.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी.

गेले. दिवाळीपर्यंत राहणार होते. केयूरने कारण सांगितलं, ऑफिस. मोठ्याने सांगितलं, पण माझ्याकडे न बघता.

मारिसोलने पुन्हा वाकून नमस्कार केला. जाताना माझ्या हातात एक पांढरी डबी ठेवली. आत मऊ कापडात दोन छोट्या गोष्टी, करड्या, काजूच्या बीएवढ्या. माझ्या कानाकडे बोट केलं. गाण्याचं यंत्र असणार, हेडफोनसारखं. मी थँक यू म्हटलं.

ती काहीतरी म्हणाली. मोठं वाक्य. मी तिच्या ओठांकडे बघत होते आणि ह्या वेळी मला एकही शब्द सुचला नाही.

गाडी वळणावरून गेल्यावर हौसाबाई म्हणाली, "बाय, तुमी तिका थांब म्हणूक होया होता." मला ऐकू आलं. कदाचित ती ओरडली असेल.

५ सप्टेंबर, शुक्रवार

केयूरचा फोन नाही. तिकडे रात्र असेल.

चॅनेलला पत्र लिहायला बसले. "तुम्ही ज्यांना कधी भेटला नाहीत त्यांच्याविषयी" इथपर्यंत आले. मग पेनातली शाई संपली असावी.

निळा सेट माळ्यावरून काढला. एकही कप फुटलेला नाही. आता केयूरला काय सांगायचं?

टीव्ही लावला. आवाज बंद करून बसले, आठळ्या नव्हत्या, नुसतीच. पडद्यावर लाल कपड्यांतली बाई. ताट उचललं तिने. खाली लिहून आलं ते मी वाचलं नाही. म्हटलं, हिला भूक लागली असेल.

बराच वेळ तसं बघत राहिले. दुसरं बोलायला कोणी नव्हतं.

७ सप्टेंबर, रविवार

मारिसोलची पाच सुपं अजून माजघरातच आहेत. काकड्या मऊ पडल्या. ओवशाचं सूप परत घरात घेऊन चालत नाही, ते द्यावंच लागतं. हौसाबाईचा गोंधळ व्हायला नको म्हणून लिहून ठेवते.

एक सूप हौसाबाईचं. तिने शिकवलं. त्याबरोबर फुलदाण्याही तिच्याच घरी राहू देत, तिथे शोभत होत्या.

एक प्राजक्ताला. तिचं माझ्या हातून सांडलं. लाल साडीही तिलाच, पण नेसायची सक्ती नाही. ह्या घरात तो रंग कोणाला शोभत नाही.

एक अक्काला, शिरोड्याच्या एसटीने. कोकोच्या बियांची पुडी तिला देऊ नये. ती उघडून पावडर शोधेल.

एक बाबलीला. काकडी त्याच्या गाईला घालावी.

टीव्ही हौसाबाईला. तिच्या मुलाने नेला तरी चालेल. त्याचा आवाज बिघडलेला आहे हे आधी सांगावं, नंतर तक्रार नको.

निळ्या फुलांचा सेट केयूरचा. फडताळात पुढच्या फळीवर ठेवावा, मागे नाही. येईल तेव्हा दारातून दिसला पाहिजे. कोणी विचारलं तर सांगावं, सापडला.

पांढरी डबी प्राजक्ताला, ती काम करताना गाणी ऐकते.

नको. डबी इथेच राहू दे. उशाशी.

पाचवं सूप, पहिलं भरलेलं, कोणाला देऊ नये. ते माझं आहे. पण ते हातातून घ्यायचं असतं आणि देणारी इथे नाही. फळं काढून टाकावीत. कोकोची पुडी तशीच ठेवावी. रिकामं सूप देवघराच्या खुंटीला अडकवावं, वर नाही, तिचा हात पोचेल इतकं खाली. टीव्हीतल्यासारखी उंच नाही ती.